स्वयंपाकघरातला उजवा डबा

मागच्या महिन्यात माझ्या लेकीनं, ऋचानं, आमच्या घरातल्या ॲम्प्लिफायरला सेवानिवृत्त केलं. तिच्या बाबांनी हौसेनं घेतलेला तो अवजड ठोकळा, त्याच्या मागचं वायरींचं जंजाळ, त्याच्यावर मी विणून घातलेला रुमाल, सगळं एका दुपारीत माळ्यावर गेलं. त्या जागी खिडकीच्या दोन बाजूंना दोन पांढरे, सडपातळ स्पीकर आले. "आई, हे ॲक्टिव्ह आहेत," ऋचा म्हणाली. "ॲम्प्लिफायर यांच्या पोटातच असतो. वेगळं काही लागत नाही." एखाद्या आदिमानवाला विस्तव दाखवावा तसा तिचा चेहरा होता. मी म्हटलं, "आमच्याकडे मी नववीत असताना होते असले." तिनं माझ्याकडे पाहिलं आणि फार समजूतदारपणे म्हणाली, "आई, तेव्हा ट्रान्झिस्टर होते गं." मी वाद घातला नाही. साठी उलटल्यावर लेकीशी वाद घालायचे विषय निवडून ठेवावे लागतात. पण चहाचं आधण ठेवता ठेवता लक्षात आलं, की हिला हे आपण कधी सांगितलंच नाही. आमच्या घरात डब्यांच्या पोटात ॲम्प्लिफायर कसे गेले, त्यातला उजवा डबा स्वयंपाकघरात कसा पोचला आणि त्यावरून माझ्या आईबाबांमध्ये काय झालं, हे आता मला सोडून कुणालाच ठाऊक नाही. म्हणून ते इथं लिहून ठेवते.

आमचं घर नागपूरच्या हनुमाननगरात होतं. तीन खोल्या एकामागे एक: पुढची, मधली आणि स्वयंपाकघर. मागे परसात एक संत्र्याचं झाड, ज्याला कधी संत्रं लागलं नाही, तरी बाबा दर पावसाळ्यात त्याच्याभोवती आळं करायचे. बाबा सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. तिथं त्यांचं किती चालायचं मला माहीत नाही, पण पुढच्या खोलीत त्यांचंच राज्य होतं. रेकॉर्डप्लेअर, त्याच्या शेजारी टेबलावर ॲम्प्लिफायर आणि दोन कोपऱ्यांत दोन मोठे सागवानी डबे. आम्ही स्पीकर म्हणत नसू, डबेच म्हणायचो. दोन्हींच्या बरोबर मध्ये बाबांची वेताची खुर्ची. ती खुर्ची कुणी तसूभर हलवली, तरी घरात पाऊल टाकताच बाबांना कळायचं. ॲम्प्लिफायरला आवाजाचं एकच मोठं काळं बटण होतं आणि त्याला बाबांखेरीज कुणी हात लावायचा नाही, असा नियम होता. हा नियम कुणी केला, कधी केला, हे विचारायची सोय नव्हती.

रविवारी सकाळी बाबांचे मित्र यायचे. त्यातले मुख्य घाटे मास्तर. शाळेत गणित शिकवायचे, पण बोलायचे गाण्यावर. डोळे मिटून ऐकायचे आणि मध्येच एक डोळा उघडून इतरांचे मिटलेत की नाही, ते बघायचे. बाबा दाद द्यायला फार चिक्कू. एखादी जागा खरोखर मनाला लागली, तरच त्यांचा उजवा हात गुडघ्यावरून हळूच वर उचलला जायचा, तळवा वर करून, आणि तसाच हवेत थांबायचा. रेकॉर्डमागून रेकॉर्ड जायच्या, हात उठायचा नाही. मित्रही गाण्यापेक्षा त्या हाताकडेच लक्ष ठेवून असायचे, असा मला संशय आहे.

आणि आई स्वयंपाकघरात. पोहे तिथं व्हायचे, त्यावरची लाल तर्री तिथं उकळायची, आणि मी ताटल्या पुढं नेऊन द्यायची. दोन भिंती ओलांडून आईपर्यंत गाण्याचं काय पोचायचं, तर नुसता डग्गा. धुम्, धुम्. मी रिकाम्या ताटल्या घेऊन आले, की ती विचारायची, "कोण गाऊन राहिलं वं?" मी नाव सांगायची. ती "हं" म्हणायची आणि पुन्हा कढईकडे वळायची. आई भिवापूरची. माहेरी शेती, मिरचीचे खळे. लहानपणी भुलाबाईच्या, म्हणजे आमच्याकडच्या भोंडल्याच्या, दिवसांत गल्लीतल्या साऱ्या पोरींच्या पुढे हिचा आवाज, असं मामा सांगायचा. आमच्या घरात मात्र मी तिला गाताना ऐकलेलं नव्हतं. त्याबद्दल तिची तक्रारही नव्हती. गाणं पुढच्या खोलीत असतं आणि स्वयंपाक मागच्या, इतकं ते सरळ होतं.

या सरळ व्यवस्थेला सुरुंग लावला तो बाबांनीच, आणि तोही प्रेमापोटी. नागपूरच्या उन्हाळ्याबद्दल नागपूरबाहेरच्या लोकांना काही सांगण्यात अर्थ नसतो, ते मान हलवतात आणि विश्वास ठेवत नाहीत. त्या वर्षी ॲम्प्लिफायर इतका तापायला लागला, की हात लावला तर चटका बसे. बाबांना त्याची दया आली. घरात एकच कूलर, पुढच्या खिडकीत बसवलेला. आम्ही तिघं त्याच्यासमोर ओळीनं झोपायचो. बाबांनी टेबल सरकवून ॲम्प्लिफायर थेट कूलरच्या तोंडाशी ठेवला. आई म्हणाली, "ओली हवा आहे ते. माह्या तिखटाच्या बरणीलेही मी तिथं ठेवत नाही." बाबा म्हणाले, "यंत्राला थंडावा लागतो." यंत्राला थंडावा मिळाला. वाळ्याच्या सुगंधाचा, पाण्यानं भिजलेला थंडावा त्यानं चांगला महिनाभर खाल्ला, आणि एका रविवारी, घाटे मास्तरांचे दोन्ही डोळे मिटलेले असताना, फाट् असा आवाज होऊन त्यातून निळसर धूर निघाला. बाबा खुर्चीतून उठलेच नाहीत. घरात कुणी गेलं की लोक बसून राहतात, तसे बसून राहिले.

आईनं भिवापूरला निरोप धाडला. मामा, म्हणजे आईचा धाकटा भाऊ, एसटीनं आला. एका खांद्यावर वाळल्या मिरच्यांचं पोतं, दुसऱ्यावर हत्यारांची थैली. त्याचा गावात मंडप आणि लाऊडस्पीकरचा धंदा होता. पाटावर बसून दोन ताटं गोळाभात खाल्ल्यावर त्यानं ॲम्प्लिफायर उघडला, आत डोकावला आणि बाबांना म्हणाला, "भाऊजी, एका बैलाले तुमी दोन गाड्या जुंपल्या होत्या. वरून त्याले रोज आंघोळ घातली." बाबांना विनोद आवडला नाही. दुरुस्त होईल का, एवढंच त्यांनी विचारलं. मामा म्हणाला, "करून देतो. पण माहं ऐकान तर हा ठोकळाच नका ठेवू. मंडपात मी लांब वायर टाकली का आवाज मरते. म्हणून आता म्या डब्याच्या पोटातच मशीन बसवून राहिलो. जो तो डबा आपापल्या जिवावर. मधात हा सावकार पाहिजेच काहून?"

बाबा दोन दिवस त्या उघड्या ठोकळ्याभोवती फिरत राहिले. आता मला वाटतं, अडचण यंत्राची नव्हती. टेबलावरून तो ठोकळा गेला, की ते काळं बटण जाणार होतं. मामाच्या पद्धतीत ज्याचं त्याचं बटण ज्याच्या त्याच्या पाठीवर. पण मुकं घर बाबांना सोसेना. तिसऱ्या दिवशी सकाळी दाढी करता करता ते आरशातल्या मामाला म्हणाले, "कर बाबा तुला काय करायचं ते."

मग आठवडाभर आमच्या मधल्या खोलीत राळेचा आणि तापल्या शिशाचा वास होता. मामानं दोन्ही डब्यांच्या पाठी कापल्या, आत मशीनं बसवली, ती तापली तर हवा बाहेर पडावी म्हणून मागे जाळ्या ठोकल्या आणि प्रत्येकाला एकेक बटण लावलं. समोरचं जुनं कापड उंदरांनी कुरतडलेलं होतं, ते बदलायचं ठरलं. त्यासाठी आई, मी आणि मामा गांधीबागेतल्या कापडबाजारात गेलो. घाऊक दुकान, गाद्यांवर पाय पसरून बसलेला दुकानदार. त्यानं विचारलं, "अस्तर के लिए चाहिए या परदे के लिए?" आईनं सरळ ठाणांकडे हात घातला. मामानं तिला सांगून ठेवलं होतं, की तोंडानं मारलेली फुंकर कापडाच्या पार गेली, तर आवाजही जाईल. ती एकेक ठाण उचलायची, पदर सावरून कापड ओठांशी धरायची आणि पलीकडे हात ठेवून फुंकर मारायची. दुकानातली सगळी माणसं बघत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. आईला नाही. तिनं शांतपणे अर्धं दुकान फुंकून काढलं आणि एक मोतिया रंगाचं कापड निवडलं. परतताना सायकलरिक्षात ती म्हणाली, "इतकं फुंकल्यावर त्यातून काय निंगते ते ऐकाले तर भेटलं पाहिजे ना मले." मामानं ते ऐकलं.

डबे तयार झाले त्या संध्याकाळी बाबांनी रेकॉर्ड लावली. आवाज पहिल्यापेक्षा स्वच्छ होता, हे त्यांनी कबूल केलं नाही, पण खुर्चीत रेलून बसले, त्यावरून कळलं. तेव्हा आई पदराला हात पुसत मधल्या खोलीच्या दारात आली आणि म्हणाली, "आता हे आपापल्या जिवावर चालतात, तर यातला एक तिकडं ठेवता येईल का? स्वयंपाकघरात?"

लग्नानंतर आईनं स्वतःसाठी मागितलेली मला आठवणारी ही पहिली गोष्ट. बाबांना आधी समजलंच नाही. मग त्यांनी तिला समजावून सांगितलं, की डावा आणि उजवा मिळून गाणं होतं, एक इथं आणि एक तिथं म्हणजे कोटाची एक बाही पुढच्या खोलीत आणि दुसरी मागच्या. आई म्हणाली, "मले एक बाही चालते." मामा खाली मान घालून हत्यारं गोळा करत होता. तो म्हणाला, "वायर म्या लांब ठेवली आहे, भाऊजी. पुरते."

तह असा झाला: सोमवार ते शनिवार उजवा डबा स्वयंपाकघरात, रविवारी सकाळी पुढच्या खोलीत परत. डबा जड, म्हणून जुन्या कूलरचा चाकांचा लोखंडी स्टँड त्याच्याखाली आला. बाबांनी एक अटही घातली. ते घरी नसताना त्यांच्या डाव्या डब्याला कुणी जिवंत करायचं नाही. आईला त्याचं काही वाटलं नाही. तिचा डबा चुलीच्या विरुद्ध कोपऱ्यात, पिठाच्या डब्याशेजारी उभा राहिला आणि त्याच्या पाठीवरचं बटण तिचं होतं. पहिल्यांदा ते फिरवताना तिनं हात धुऊन पुसले होते.

माझी शाळा सकाळची. दुपारी मी आले, की आम्ही जेवायचो आणि मग मी पुढं जाऊन रेकॉर्ड लावायची. जाताना मामानं आईला एक रेकॉर्ड दिली होती, सतार आणि बासरीच्या जुगलबंदीची. बाबांना नुसती वाद्यं म्हणजे बिनमिठाची भाजी वाटायची, त्यांनी ती कधी लावली नाही. त्यामुळे ती आईची झाली. आता झालं होतं असं, की त्या रेकॉर्डमध्ये सतार सगळी डावीकडे भरलेली होती आणि बासरी सगळी उजवीकडे. तबला तेवढा दोन्हीकडे. हे आम्हाला दोघींना ठाऊक नव्हतं. वेष्टनावरचं इंग्रजी आईला वाचता येत नव्हतं आणि मला त्यात गोडी नव्हती. आमच्या स्वयंपाकघरात फक्त बासरी यायची. ती एक लकेर घ्यायची आणि थांबायची. तबला एकटाच चालत राहायचा. मग पुन्हा बासरी, पुन्हा थांबणं.

पहिल्या दिवशी मी म्हटलं, "रेकॉर्ड खराब आहे." आई म्हणाली, "खराब कायची वं? फुकून फुकून दम लागत असंल ना त्याले. माणूस आहे ते." आणि तिनं ते तिथंच संपवलं. बासरीवाला दम घ्यायला थांबतो, हे आमच्या घरात ठरलं. मग काही दिवसांनी मी बघितलं, की तो थांबला की आई गुणगुणते. आधी अगदी हलकं, भांड्याच्या आवाजात मिसळून. पुढं मोकळं. बासरी जिथं सोडायची तिथून ती सूर उचलायची, भुलाबाईच्या गाण्यांतलं एखादं वळण घेऊन कुठंतरी फिरून यायची आणि बासरी परतायच्या आत तो सूर तिच्या दारात नेऊन ठेवायची. एकदाही तिचा आणि बासरीचा धक्का लागला नाही. मी विचारलं, "हे तू काय करतेस?" ती सांभार निवडत होती, म्हणजे कोथिंबीर. वर न बघता म्हणाली, "त्याचा दम येईपर्यंत सांभाळते. तबलेवाला बिचारा एकटाच वाजवून राहिला ना."

अशा दुपारी मला आई अतिशय आवडायची. एरवी आवडत नव्हती असं नाही, पण चौदाव्या वर्षी आई म्हणजे कामं सांगणारी बाई असते. त्या तासाभरात ती कुणाचीच कुणी नसायची. परसातून ऊन यायचं, आई गात असायची, आणि मी जमिनीवर पालथी पडून अभ्यासाचं सोंग करायची. बाबांना यातलं काही माहीत नव्हतं. सांगू नकोस असं आईनं कधी म्हटलं नाही. सांगण्यासारखं त्यात काही आहे, असं तिला वाटलंच नसणार.

पावसाळा संपता संपता तो रविवार आला. उजवा डबा शिरस्त्याप्रमाणे पुढच्या खोलीत गेला होता. बाबांनी एक मोठी, गंभीर रेकॉर्ड लावली. गायकानं संथपणे सूर लावला, सगळ्यांचे डोळे मिटले. डब्यातलं मशीन तापायला लागलं. आणि मामानं मागे ठोकलेल्या त्या जाळीतून हळूहळू वास यायला लागला. आधी नुसता तेलाचा. मग लसणाचा. मग खोलीभर वांग्याच्या भाजीला दिलेली भिवापुरी मिरचीची खमंग फोडणी दरवळली. पावसाळाभराच्या फोडण्या त्या डब्यानं पोटात साठवून ठेवल्या होत्या आणि आता तो त्या एकेक करून परत देत होता. कुणीतरी खाकरलं. कुणीतरी शिंकलं. घाटे मास्तरांनी दोन्ही डोळे उघडले, डब्याजवळ जाऊन नाक लावलं आणि म्हणाले, "काय गा, तुह्या गवयानं आज वांगे खाऊन रियाज केला का?"

खोलीत हशा पिकला. ताटल्या घेऊन आलेली मीही हसले. बाबाही हसले, पण त्यांचे कान लाल झाले होते. मास्तर तिथं थांबले नाहीत. "स्टिरिओचा माणूस तू," ते म्हणाले, "अन् अर्धं गाणं चुलीवर शिजवून राहिला?" मित्र गेल्यावर बाबांनी डब्याचं कापड हुंगलं, जाळीवरून बोट फिरवलं, त्याचा तेलकटपणा पाहिला आणि म्हणाले, "बस झालं. हा डबा आता तिकडे जाणार नाही." आई दारातच होती. "बरं," ती म्हणाली.

ती भांडली असती, तर मला बरं वाटलं असतं. ती भांडली नाही, रुसली नाही, तिनं स्वयंपाकात काही कमी केलं नाही. फक्त स्वयंपाकघर गप्प झालं. दुपारी मी म्हणायची, "पुढं बसून ऐकू या ना." ती म्हणायची, "तिथं बसून काय करू? हात रिकामे ठेवून मले ऐकता नाही येत." तिचं गाणंही गेलं. बासरीच नाही, तर कुणाचं सांभाळायचं? मला बाबांचा इतका राग आला, की मी त्यांच्या खुर्चीवर मुद्दाम उलटी बसायची. आणि त्यांना काहीच जाणवत नव्हतं. त्यांचे दोन डबे त्यांना परत मिळाले होते. आईचं काय गेलं ते त्यांना कळणारच नव्हतं, कारण ते कधी ऐकलंच नव्हतं.

पुढच्या रविवारी मित्र गेल्यावर मी ती रेकॉर्ड काढली. बाबा म्हणाले, "ही बिनमिठाची कशाला?" मी म्हटलं, "आईला पूर्ण ऐकू दे की एकदा. डावं आणि उजवं." यात नाही म्हणण्यासारखं त्यांना काही सापडेना. मी आईला हाताला धरून आणलं आणि बाबांच्या खुर्चीत बसवलं. ती काठावर टेकली, खुर्ची आपल्याला चावेल अशी. मी सुई ठेवली.

बासरीनं लकेर घेतली. थांबली. आणि डावीकडून सतार बोलली. आई दचकली. तिनं डाव्या डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बासरी आली, गेली, पुन्हा सतार. आईच्या चेहऱ्यावर काय काय येऊन गेलं, ते मला आजही सांगता येत नाही. मग ती हसली. अगदी मनापासून, स्वतःलाच. "अवं माय," ती म्हणाली, "हा इथं बसून होता का? मले वाटे त्याले दम लागते." थोडं ऐकून म्हणाली, "चांगला वाजवते. भल्लं चांगलं वाजवते." आणि उठली. "मग झालं. माहं काही काम नाही राह्यलं त्यात."

बाबांनी विचारलं, "कसलं काम?"

मी सांगितलं. भराभर, रागारागानं, डोळ्यात पाणी आणून सगळं सांगितलं. बासरीवाला, त्याचा दम, भुलाबाई, दुपार. आई मध्येच "गप वं" म्हणत होती. बाबा ऐकत होते. ते उठले, डाव्या डब्यामागे गेले आणि त्यांनी आपलं बटण शून्यावर नेलं. सतार बंद झाली. खोलीत नुसता तबला आणि बासरीनं सोडलेली मोकळी जागा. बाबांनी आईकडे पाहिलं. तिची मान खाली गेली. "इथं नाही येत मले," ती म्हणाली.

बाबा उजव्या डब्यामागे गेले. मग त्यांनी वायरीची पिन काढली, कूलरच्या स्टँडला हात घातला आणि तो उजवा डबा स्वतः ढकलत नेला. मधल्या खोलीच्या उंबऱ्यावर चाक अडकलं, तेव्हा मी मदतीला गेले, तर म्हणाले, "राहू दे." पिठाच्या डब्याशेजारी त्यांनी तो बरोबर पहिल्या जागी उभा केला. मला म्हणाले, "पहिल्यापासून लाव." आणि माझे बाबा, ज्यांना मी स्वयंपाकघरात जेवणाखेरीज कधी बसलेलं पाहिलं नव्हतं, भिंतीला टेकून पाटावर बसले.

आईनं त्यांच्याकडे पाठ केली आणि परात ओढली. पहिल्यांदा बासरी थांबली, तेव्हा काही झालं नाही. दुसऱ्यांदाही नाही. लाटण्याचा आवाज तेवढा. तिसऱ्यांदा तबला चार पावलं एकटा चालला आणि आईला ते बघवलं नाही. तिनं सूर उचलला. आधी घशातल्या घशात, मग तो सुटला, फिरून आला आणि बासरीच्या हातात गेला. पुन्हा बासरी थांबली, पुन्हा ती गेली. मी पुढच्या खोलीतून धावत येऊन दाराच्या चौकटीशी उभी होते. मी आईकडे बघत नव्हते. मी बाबांच्या गुडघ्याकडे बघत होते. त्यांचा उजवा हात हळूच वर उचलला गेला, तळवा वर करून, आणि तसाच हवेत थांबला. आईला तो दिसला नाही, तिची पाठ होती. तव्यावर पोळी करपत होती, तीही तिला दिसली नाही. ती पोळी नंतर बाबांनी मागून घेतली आणि सगळी खाल्ली.

त्यापुढच्या रविवारी मित्र आले, तर पुढच्या खोलीत खुर्च्याच नव्हत्या. बाबांनी त्या मधल्या खोलीत मांडल्या होत्या. डावा डबा पुढं, उजवा स्वयंपाकघरात, दोन्ही दारं सताड उघडी. "इथं बसा," बाबा म्हणाले. "डावं पुढून येईल, उजवं मागून." घाटे मास्तर म्हणाले, "अन् फोडणीचा वास?" बाबा म्हणाले, "तो फुकट आहे." आणि तेव्हापासून आमच्या घरातल्या मैफिली मधल्या खोलीत झाल्या. आवाज जुळायचा की नाही, देव जाणे, पण आई पोळ्या लाटता लाटता सगळं ऐकायची, आणि "कोण गाऊन राहिलं वं" हे मला पुन्हा कधी विचारावं लागलं नाही तिला. मित्रांसमोर ती कधी गायली नाही. तिची ती जुगलबंदी दुपारचीच राहिली. फक्त सुट्टीच्या दिवशी दुपारी बाबा पेपर घेऊन पाटावर येऊन बसत. पान उलटत नसत.

आईबाबा जाऊन आता बरीच वर्षं झाली. ते डबे वाळवीनं खाल्ले. ती रेकॉर्ड मात्र माझ्याकडे आहे, आणि रेकॉर्डप्लेअरही मी ऋचाला माळ्यावर टाकू दिला नाही. काल दुपारी मी घरात एकटी होते. ती जुगलबंदी लावली. मग उजवा स्पीकर, तो आता एका हातात उचलता येतो, स्वयंपाकघरात नेला, ओट्यावर ठेवला आणि डाव्याचं बटण शून्यावर केलं. बासरीनं तीच लकेर घेतली आणि ती थांबली. मी ओट्याला टेकून उभी होते. आईचे सूर कुणी कुठं भरून ठेवलेले नाहीत. पण ते कुठून निघायचे आणि कुठं पोचायचे, हे मला पाठ आहे, वाट माहीत असावी तसं. तेवढ्यात दार उघडून ऋचा आत आली. ऑफिसची बॅग खांद्यावर तशीच ठेवून तिनं कान दिला. नुसता तबला चालला होता.

"आई, डावा बंद पडलाय का? गाणं मध्येच थांबतंय."

"थांबू दे," मी म्हटलं. "त्याला दम लागलाय." आणि तो परत येईपर्यंत मी गायले.